गोळी गिळली, पुढे काय?

“ताई, हे गोयी किती वेळात लागू पडन?”

माझ्या दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. नरखेड तालुक्यातल्या एका बाजारगावी माझं मेडिकल आहे. मोवाड, बेलोना, सावरगाव, मेंढला, थडीपवनी या बाजूची माणसं इथे येतात. कोणाला संत्र्याच्या तोड्यावर जायचं असतं, कोणाला नागपूरची गाडी गाठायची असते, कोणाचं लेकरू तापाने फणफणलेलं असतं. घाई सगळ्यांनाच असते. पण एकच पॅरासिटॅमॉल साध्या गोळीत मिळतं, पाण्यात विरणाऱ्या गोळीत मिळतं आणि तासन्‌तास हळूहळू सुटणाऱ्या गोळीतही मिळतं. तिन्हींचं औषध एक, पण त्यांचा वेग वेगळा. हा वेग कोणीतरी विचार करून ठरवलेला असतो. तो आपल्या हातून बिघडू नये, एवढ्यासाठी हा लेख.

गोळीत औषध किती?

थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. तिच्यातलं औषध वेगळं काढून तळहातावर ठेवलं तर डोळ्यांना नीट दिसणारही नाही. मग गोळी एवढी मोठी कशी? बाकीचा ऐवज दुसऱ्या पदार्थांचा असतो. आकार देण्यासाठी लॅक्टोज किंवा सेल्युलोज, कण एकमेकांना धरून ठेवण्यासाठी चिकट पदार्थ, पाणी लागताच फुगून गोळी फोडण्यासाठी स्टार्च किंवा त्याहून जोरकस पदार्थ, आणि यंत्राच्या साच्याला गोळी चिकटू नये म्हणून चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट. हे सगळं कोरडं मिश्रण साच्यात घालून वरखालून जबरदस्त दाबलं की गोळी तयार होते. ही दाबण्याची युक्ती विल्यम ब्रॉकडन या इंग्रज चित्रकाराची. शिसपेन्सिलीसाठी ग्रॅफाइटची भुकटी दाबून घट्ट करण्याच्या खटपटीत तो होता. त्याच पद्धतीने औषधाच्या गोळ्या करण्याचं पेटंट त्याने १८४३ मध्ये घेतलं.

गोळी करणाऱ्यापुढची अडचण यातच आहे. कारखान्यातून नागपूर, नागपूरहून काटोल, काटोलहून आमच्या गावापर्यंत खोक्यात आदळत-आपटत आली तरी गोळीचा टवका उडता कामा नये. पण तीच गोळी पोटात पोचल्यावर काही मिनिटांत फुटायला हवी. जास्त दाबली तर दगड होते, कमी दाबली तर भुगा. मॅग्नेशियम स्टिअरेट मेणचट असतं. ते जास्त पडलं किंवा फार वेळ घोटलं गेलं तर कणाकणावर त्याचा थर बसतो आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. दोन कंपन्यांच्या गोळ्यांत औषध तेवढंच असूनही त्यांचा वेग वेगळा पडू शकतो, तो अशा बारीकसारीक गोष्टींमुळे.

फुटणं वेगळं, विरघळणं वेगळं

शाळेतली मुलं दुकानात आली आणि गर्दी नसली की मी त्यांना एक प्रयोग दाखवते. काचेच्या ग्लासात कोमट पाणी घेऊन त्यात पॅरासिटॅमॉलची साधी गोळी सोडते. आधी कडा धुरकट होतात, बारीक बुडबुडे वर येतात, गोळीच्या अंगावर भेगा पडतात आणि बघता बघता तिचा पांढरा चुरा तळाशी बसतो. “विरघळली!” असं मुलं ओरडतात. मी त्यांना तळाकडे बघायला सांगते. चुरा अजून दिसतो आहे, म्हणजे गोळी फुटली आहे. औषध पूर्ण विरघळायचं अजून बाकी आहे. आतड्याच्या अस्तरातून रक्तात जातं ते पाण्यात पूर्ण मिसळलेलं औषध. चुऱ्याचा कण, कितीही बारीक असला तरी, तसाच पलीकडे जात नाही.

म्हणून प्रयोगशाळेत दोन निरनिराळ्या चाचण्या असतात. फुटण्याच्या चाचणीत तळाला जाळी असलेल्या सहा काचनळ्यांत एकेक गोळी ठेवतात आणि त्या नळ्या ३७ अंशांच्या पाण्यात मिनिटाला साधारण ३० वेळा वरखाली होत राहतात. आपल्या भारतीय औषधकोशाप्रमाणे साधी गोळी १५ मिनिटांत जाळीतून खाली उतरली पाहिजे. पातळ वेष्टनाच्या गोळीला ३० मिनिटं, साखरेचं जाड कवच असलेलीला ६० मिनिटं आणि पाण्यात विरवून घ्यायच्या गोळीला फक्त ३ मिनिटं मिळतात.

दुसरी चाचणी विरघळण्याची. बहुतेक वेळा ९०० मिलिलिटर द्रव ३७ अंशांवर ठेवतात, त्यात गोळी टाकतात, एक पातं मिनिटाला ५० फेऱ्यांनी फिरत राहतं आणि ठरल्या वेळी नमुना काढून किती औषध उतरलं ते मोजतात. साध्या पॅरासिटॅमॉलसाठी अमेरिकी मानक सांगतं, की अर्ध्या तासात निदान ८० टक्के औषध विरघळलं पाहिजे.

वेग ठरतो कशाने?

१८९७ मध्ये अमेरिकेत आर्थर नॉयिस आणि विलिस व्हिटनी या दोघांनी बेन्झॉइक आम्ल आणि लेड क्लोराइड यांच्या कांड्या पाण्यात फिरवून त्या किती वेगाने झिजतात ते मोजलं. त्यांचं म्हणणं असं, की घन पदार्थाच्या अंगाला लागून द्रवाचा एक पातळ थर असतो आणि तो त्या पदार्थाने आधीच काठोकाठ भरलेला असतो. तिथून पदार्थ बाहेरच्या द्रवात जसजसा सरकतो, तसतशी आतल्याला विरघळायला जागा होते. १९०४ मध्ये जर्मनीत नेर्न्स्ट आणि ब्रूनर यांनी या सूत्रात पृष्ठभाग आणि थराची जाडी यांचा हिशेब आणला. आजही औषधनिर्माणाच्या वर्गात सुरुवात याच सूत्राने होते.

सूत्रातली पहिली गोष्ट पृष्ठभागाची. चहात खडीसाखरेचा खडा टाकला तर तो विरघळेपर्यंत चहा निवतो, पिठीसाखर टाकली तर दोन वेळा ढवळलं की झालं. आकड्यांत सांगायचं तर एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचे एकेक मिलिमीटरचे हजार तुकडे केले की तो ६० होतो आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे दहा लाख कण केले की ६००. वस्तू तेवढीच, पण पाण्याला भिडणारं अंग शंभरपट. जी औषधं पाण्यात मुळातच कमी विरघळतात, ती कारखान्यात फार बारीक दळून घेतात, ती याचसाठी.

दुसरी गोष्ट औषधाच्या स्वभावाची. काही औषधं आम्लात पटकन विरघळतात, काही आम्ल ओसरल्यावर. जठरात आम्ल तीव्र असतं, लहान आतड्यात ते जवळजवळ संपतं. त्यामुळे कोणतं औषध कुठे विरघळेल हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं.

तिसरी गोष्ट ढवळण्याची. ढवळलं की कणाभोवतीचा भरलेला थर पातळ होतो आणि नवा द्रव जवळ येतो. पोटात हे काम जठराच्या आकुंचनाने होतं.

चौथी गोष्ट पाण्याची, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त हयगय होते ती इथेच. शेतात जाता जाता कोणी थुंकीबरोबर गोळी ढकलतो, कोणी चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर. उपाशीपोटी जठरात जेमतेम ३०-४० मिलिलिटर द्रव असतो. औषध कंपन्या गोळीची पारख करतात तेव्हा माणसाला २४० मिलिलिटर, म्हणजे पूर्ण ग्लासभर पाणी देतात. डब्यावर जो परिणाम लिहिलेला असतो, तो या ग्लासभर पाण्यानिशी मोजलेला असतो. शिवाय कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून बसते. डॉक्सिसायक्लिनसारखं औषध तिथे विरघळलं तर अन्ननलिकेला जखम करतं आणि छातीत आग पडते. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगते.

पोटाचा दरवाजा

गोळी जठरात विरघळली तरी बहुतेक औषधाचं रक्तात जाणं होतं ते लहान आतड्यातून. मधला दरवाजा कधी उघडतो यावर सगळं अवलंबून. उपाशीपोटी प्यायलेलं पाणी पाऊण तासाच्या आत जठरातून जवळजवळ सगळं पुढे गेलेलं असतं. पोटभर जेवलेल्या माणसाच्या जठरातून अन्न पुढे सरकायला काही तास लागतात आणि गोळीही त्याच्यासोबत थांबून राहते. म्हणून डोकेदुखीची पॅरासिटॅमॉलची गोळी उपाशीपोटी लवकर लागू पडते, जेवणानंतर उशिरा. पण काही वेदनाशामक गोळ्या जेवणानंतरच घ्यायच्या असतात, कारण त्या जठराच्या अस्तराला त्रास देतात. तिथे उशीर झालेला बरा.

अंगाच्या ठेवणीचाही संबंध आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रजत मित्तल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठराची संगणकीय प्रतिकृती करून हे तपासलं. त्यांच्या हिशेबात उजव्या कुशीवर झोपल्यास गोळी १० मिनिटांत विरघळली, ताठ असताना २३ मिनिटं लागली आणि डाव्या कुशीवर १०० मिनिटांहून जास्त. जठराचं तोंड आतड्याकडे उजवीकडे खाली उघडतं, त्यामुळे उजव्या कुशीवर गोळी थेट तिथे जाऊन बसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आधी बसवून, पाणी पाजून गोळी पोटात उतरू द्यावी आणि मग उजव्या कुशीवर वळवावं.

जी गोळी थांबायलाच बनवली आहे

“ताई, बुडीच्या गयातून उतरत नाही, कुटून देऊ का?” हा दुसरा प्रश्न. विचारणाऱ्याचा जीव आईसाठी तुटत असतो आणि म्हणूनच याचं उत्तर मी कधीही घाईत देत नाही. आधी गोळीची पट्टी हातात घेते आणि नावापुढची अक्षरं बघते.

एसआर, एक्सआर, ईआर, सीआर यांपैकी काही असेल तर गोळी हळूहळू सुटणारी आहे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या अशा गोळीत सेल्युलोजचा एक प्रकार असतो. पाणी लागलं की तो फुगून चिकट लगदा होतो आणि त्या लगद्यातून औषध तासन्‌तास झिरपत राहतं. ती कुटली की बारा किंवा चोवीस तासांचा साठा एकदम सुटतो. रक्तदाबाच्या अशा गोळीने मग दाब एकाएकी खाली येऊ शकतो. काही वेळा शौचात गोळीचं पोकळ कवच किंवा मऊ लगदा दिसतो आणि माणूस घाबरून येतो, की गोळी तशीच पडून गेली. औषध निघून गेलेलं असतं, उरलेला फक्त सांगाडा असतो.

पँटोप्रॅझोलवर वेगळं वेष्टन असतं. हे औषध आम्लाने नासतं, म्हणून आम्लात न विरघळणारं कवच चढवून ते जठरातून सुखरूप पुढे न्यावं लागतं. औषधकोशाची अट अशी, की अशी गोळी आम्लात दोन तास ठेवली तरी फुटता कामा नये. मुलांना मी हेही दाखवते. गोळी लिंबाच्या रसात टाकली तर अर्ध्या तासानेही तिची चकाकी कायम असते. तीच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवली की थोड्या वेळाने कवच मऊ पडतं, बोटाला बुळबुळीत लागतं आणि आतला भाग उघडा पडतो. लिंबाचा रस म्हणजे जठर, सोड्याचं पाणी म्हणजे आतडं. ही गोळी चावली किंवा कुटली तर औषध जठरातच वाया जातं. बद्धकोष्ठासाठीच्या बिसाकोडिलवरही असंच कवच असतं. ती दुधाबरोबर घेतली तर दुधाने आम्ल कमी होऊन कवच जठरातच सुटतं आणि पोटात कळा येतात.

अशा कवचांच्या कामात आमच्या नागपूरचाही वाटा आहे. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात प्रा. अ. के. डोर्ले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८०च्या दशकापासून चिडाच्या झाडाच्या राळेवर संशोधन केलं. राळ आणि तिच्यापासून केलेले पदार्थ गोळीवर चढवले तर ओल किती अडते, औषध किती हळू सुटतं, हे त्यांनी तपासून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत मांडलं. पूजेच्या, वार्निशच्या दुकानात मिळणारी राळ इतक्या बारकाईने पारखली गेली याचा मला अभिमान वाटतो. आपल्या विदर्भातल्या जंगलांत पळसावर येणारी लाखही जगभर गोळ्यांच्या वेष्टनासाठी वापरली जाते.

याउलट काही गोळ्या झटपट विरघळण्यासाठीच असतात. नावापुढे डीटी असेल तर ती पाण्यात विरवून पाजायची. जुलाब लागलेल्या लेकराला आशाताई ओआरएसबरोबर जी जस्ताची गोळी देतात ती अशीच. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात ती मिनिटभरात विरते. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. एमडी लिहिलेली ओकारीची गोळी जिभेवर ठेवताच विरते, पाणीही लागत नाही. हृदयाच्या दुखण्यात डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी गिळायची नसते. जिभेखालच्या रक्तवाहिन्यांतून ती काही मिनिटांत रक्तात जाते, गिळली तर यकृत तिचा बराच भाग वाटेतच नासवतं. शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी चावून खायला सांगतात. ठसका लागू नये आणि गोळी नीट फुटावी, म्हणून.

स्वस्त गोळी विरघळते का?

जेनेरिक गोळीबद्दल लोकांच्या मनात शंका असते. शंका घेणं चूक नाही, कारण जगाने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिट्सच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये औषध तेवढंच ठेवून फक्त भरीचा पदार्थ बदलला, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज घातलं. औषध जास्त शोषलं जाऊ लागलं आणि रोग्यांना विषबाधेची लक्षणं दिसली. १९७१ मध्ये लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या डिगॉक्सिनच्या निरनिराळ्या गोळ्या तपासल्या, तर रक्तातल्या पातळीत सातपटीपर्यंत फरक निघाला. अमेरिकी औषधकोशात विरघळण्याची चाचणी १९७० मध्ये आली होती. अशा अनुभवांनंतर ती औषधामागून औषधाला लागू होत गेली.

आपल्या देशात २०१७ पासून पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या गोळीला परवानगी हवी असेल तर ती रक्तात मूळ औषधाइतकीच उतरते हे कंपनीला दाखवावं लागतं. बाजारातल्या औषधांचे नमुने सरकार तपासतं आणि नापासांची यादी दर महिन्याला जाहीर होते. तीत विरघळण्याच्या चाचणीत मागे पडलेल्या गोळ्याही असतात. गोळी पास की नापास हे या चाचण्या सांगतात. तिच्या किमतीवरून ते कळत नाही. फिट्सची, थायरॉइडची गोळी मात्र एकदा बसली की कंपनी वारंवार बदलू नये, आणि बदलली तर डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आमचा उन्हाळा, आमची संत्री

वैशाखात इथे पारा ४५ अंशांपाशी जातो. बऱ्याच पट्ट्यांवर “३० अंशांखाली ठेवा” असं छापलेलं असतं आणि घराला टिनाचं छप्पर. मग पावसाळ्याची ओल. गोळी फोडणारा स्टार्च हवेतलीच ओल पिऊन आधीच फुगला तर पोटात त्याचा जोर उरत नाही. जिलेटिनच्या कॅप्सूलचं कवचही उष्णता आणि ओल यांनी चिवट होतं आणि उशिरा सुटतं. गोळ्या पट्टीतून काढून कागदाच्या पुडीत बांधू नयेत. चुलीजवळ, खिडकीत, गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कोपऱ्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवाव्यात.

आणि संत्री. बागाइतदारांच्या तालुक्यात रस घरोघरी. लोहाच्या लाल गोळीबरोबर संत्रं चांगलं, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह नीट शोषलं जातं. चहा मात्र तासाभराने. पण ॲलर्जीची फेक्सोफेनाडिनची गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर तिचा रक्तात जाणारा भाग बराच कमी होतो. ती साध्या पाण्याबरोबरच घ्यावी.

काउंटरवर विचारायचे तीन प्रश्न

गोळी हातात पडली की आमच्यासारख्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. ही गोळी तोडली, कुटली तर चालते का? जेवणाआधी घ्यायची की नंतर? पाण्याशिवाय कशाबरोबर घेऊ नये? वाचता न येणाऱ्या आजीनेही हे विचारावं आणि उत्तर मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नये. मी पट्टीवर पेनाने मराठीत “कुटू नका” किंवा “पाण्यात विरवा” असं लिहून देते. लिहायला काही सेकंद लागतात, आणि घरी सून किंवा नातू ते वाचून सांगतो. तालुक्यातल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात हे होऊ लागलं, तर कारखान्यात जपून बांधलेला गोळीचा वेग आमच्या गावातल्या माणसाच्या पोटापर्यंत शाबूत पोचेल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही की जास्तीचा पैसा लागत नाही. विचारणारा आणि सांगणारा, दोघांनी थोडा वेळ थांबावं, इतकंच.